गर्भाशयाविना जन्मलेल्या लेकींना काय हवे?



या पानावर माझी आपली गाठ पडते ती बहुधा बी-बियाणे, खते आणि फवारणीच्या निमित्ताने. आजचा विषय त्यातला नाही. तो घरातल्या लेकीबाळींचा आहे, आणि घराच्या चार भिंतींतही त्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही. शेतीखात्यातल्या माणसाने असल्या गोष्टीत का पडावे, असे कुणी म्हणेल. पण गावोगाव महिला बचत गटांच्या बैठकांना बसताना रोपांची नि वाफ्यांची माहिती सांगून झाली की बायाबापड्या मनातले इतरही काही विचारतात.

अशीच एक माउली बैठक उठल्यावर मागे थांबली. मुलगी सतरा वर्षांची, अंगापिंडाने भरलेली, शाळेत हुशार. पण तिला अजून न्हाण आलेले नव्हते. माउली म्हणाली, "साहेब, तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि पोरीला पिशवीच नाही म्हणून सांगितलं. पुण्याला म्हणे आईची पिशवी लेकीला बसवतात. माझी घ्या म्हणावं. मला आता ती काय करायचीय?"

मी तिला एवढेच विचारले, "लेकीला विचारलंत का?" माउली गप्प झाली. हे लेकीला विचारायचे असते, असे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

त्यानंतर मी जाणत्या डॉक्टरांना विचारले, जगात कुठे काय झाले ते वाचून काढले, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्यावर हा प्रसंग आला त्या स्त्रिया स्वतः काय म्हणतात याचा शोध घेतला. ते सारे आज आपल्यापुढे ठेवतो.

हा दोष कसला?

साधारण साडेचार ते पाच हजार मुलींमागे एक मुलगी गर्भाशयाविना, किंवा अगदी अविकसित गर्भाशय घेऊन जन्माला येते. ज्या चार वैद्यांनी याचे वर्णन केले त्यांच्या नावांवरून वैद्यकशास्त्रात याला मेयर-रोकिटान्स्की-क्युस्टर-हाऊजर असे लांबलचक नाव आहे. आईच्या पोटात गर्भ घडत असताना, पहिल्या काही आठवड्यांतच, गर्भाशय ज्या दोन नळ्यांपासून बनते त्यांची वाढ अर्ध्यावर थांबते. त्यामुळे गर्भाशय आणि योनीमार्गाचा वरचा भाग तयारच होत नाही.

बाकी सारे ठीक असते. अशा मुलीची बीजकोशे चांगली असतात, त्यांत महिन्याच्या महिन्याला बीज पिकते. अंगाची वाढ, छाती, आवाज, उंची, बुद्धी सगळे इतर मुलींसारखे. जन्मताना सुइणीला काही कळत नाही, आईला कळत नाही. पंधरा-सोळा वर्षे झाली तरी पाळी येत नाही तेव्हा शंका येते. काही मुलींना मूत्रपिंड एकच असते किंवा ते जागा सोडून असते; काहींच्या मणक्यात किंवा ऐकण्यात दोष असतो. म्हणून हे निदान झाले की मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यायलाच हवी.

गरोदरपणी ग्रहण पाहिले, अमुक खाल्ले, तमक्याचा शाप लागला, असे याचे काही कारण नाही. आईचा दोष नाही, बापाचा नाही आणि मुलीचा तर मुळीच नाही. बहुतेक घरांत हे एकाच मुलीच्या बाबतीत घडते, तिच्या सख्ख्या बहिणी धडधाकट असतात.

आणखी एक सांगून ठेवतो. पाळी आली नाही म्हणजे गर्भाशय नाहीच, असेही नव्हे. कधी योनीमार्गावरचा पडदा पूर्ण बंद असतो, रक्त आत साचते आणि मुलीच्या ओटीपोटात दर महिन्याला कळा येतात. तो दोष लहानशा शस्त्रक्रियेने दूर होतो. कधी ग्रंथींचा दोष असतो, कधी आणखी काही. म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचे; शेजारणीने नाही, देवऋष्याने तर नाहीच.

बाई म्हणजे नुसते शेत नव्हे

आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगत आले की पुरुष बी पेरतो आणि बाई म्हणजे जमीन. मी शेतीचे शिक्षण घेतलेला माणूस आहे, म्हणून ठासून सांगतो की ही उपमा चुकीची आहे. मक्याचा दाणा भरतो तो तुऱ्यातल्या परागामुळे आणि कणसातल्या बीजांडामुळे. दोघांचा वाटा निम्मा-निम्मा. माणसातही तसेच. आईकडून बीज येते, बापाकडून शुक्रजंतू, आणि दोन्ही मिळून मूल होते. गर्भाशय हे त्या मुलाला नऊ महिने वाढवणारे घर.

हे ध्यानात घेतले म्हणजे गर्भाशयाविना जन्मलेल्या मुलीबद्दलची पुष्कळशी गैरसमजूत दूर होते. तिच्यापाशी बीज आहे. नाही ते घर. तिला 'वांझ', 'अर्धी बाई' म्हणणाऱ्याला तर शेतीही कळत नाही आणि माणूसही कळत नाही. लग्नानंतरच्या सहजीवनासाठी योनीमार्गावर उपचार आहेत. काही शस्त्रक्रियेविना होतात, काही शस्त्रक्रियेने. ते कधी करायचे हे मुलीने, वयात आल्यावर, डॉक्टरांशी बोलून ठरवायचे असते.

पुण्यापर्यंतची वाट

एकीचे गर्भाशय काढून दुसरीला बसवायचे, ही कल्पना ऐकायला नवलाची वाटते. ती एका दिवसात साधली नाही. सन २००० मध्ये सौदी अरेबियात जेद्दा येथे असे गर्भाशय बसवले गेले. तीन महिन्यांनी रक्तवाहिन्यांत गाठ होऊन ते काढून टाकावे लागले. २०११ साली तुर्कस्तानात अंताल्या येथे, जन्मतः गर्भाशय नसलेल्या तरुणीला मृत स्त्रीचे गर्भाशय बसवले. ते टिकले, पण बाळ हाती यायला २०२० साल उजाडले. मधली नऊ वर्षे त्या बाईने कशी काढली असतील, याचा विचार करा.

खरे यश आले स्वीडनमध्ये. गोथेनबर्ग शहरातील डॉ. मॅट्स ब्रान्स्ट्रॉम यांनी आधी वर्षानुवर्षे प्राण्यांवर प्रयोग केले आणि २०१२-१३ मध्ये नऊ स्त्रियांना गर्भाशय बसवले. त्यांपैकी आठ जणी जन्मतःच गर्भाशय नसलेल्या होत्या. देणाऱ्यांत बहुतेक जवळच्या नात्यातल्या, आणि त्यातही आया जास्त. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांतल्या एकीला मुलगा झाला. प्रत्यारोपित गर्भाशयातून जन्मलेले जगातले ते पहिले बाळ. ते गर्भाशय देणारी होती एकसष्ट वर्षांची, पाळी कधीच गेलेली, घरोब्यातली बाई.

पण त्या नऊ जणींचा पुरा हिशेब पाहू. दोघींची गर्भाशये पहिल्या काही महिन्यांतच काढावी लागली. उरल्या सात. त्यांपैकी सहा जणी आई झाल्या आणि मिळून नऊ बाळे झाली. म्हणजे नऊपैकी तिघींच्या पदरी मूल आले नाही.

आपल्या देशात मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने लागोपाठच्या दोन दिवशी दोन तरुणींना गर्भाशय बसवले. पहिली सोलापूरकडची, जन्मतः गर्भाशय नसलेली. दुसरी गुजरातमधली, तिला गर्भाशय होते, पण ते निकामी झालेले. दोघींनाही गर्भाशय दिले ते त्यांच्या आयांनी. त्या गुजरातच्या तरुणीला १८ ऑक्टोबर २०१८ रोजी मुलगी झाली, वजन १,४५० ग्रॅम. भारतात अशा रीतीने जन्मलेले ते पहिले बाळ.

ब्राझीलमध्ये साओ पावलो येथे डिसेंबर २०१७ मध्ये, मृत दात्या स्त्रीच्या गर्भाशयातून जगातले पहिले मूल जन्मले. ती आईदेखील गर्भाशयाविना जन्मलेली होती. इंग्लंडात फेब्रुवारी २०२५ मध्ये एका स्त्रीला मुलगी झाली. गर्भाशय दिले होते थोरल्या बहिणीने, म्हणून मुलीला मावशीचेच नाव ठेवले. आपल्याकडे 'माय मरो, मावशी उरो' म्हणतात. तिथे मावशीने माय उभी केली.

कलमासारखे, पण कलम नव्हे

आंब्याचे कलम आपण बांधतो. खुंट एका झाडाचा, काडी दुसऱ्या झाडाची. जात जुळली आणि साल सालीला नीट भिडली की कलम धरते. गर्भाशय बसवणे वरवर तसेच. फरक एक, आणि तो फार मोठा. झाड परक्या काडीशी सहसा भांडत नाही. माणसाचे शरीर मात्र परका अवयव ओळखते आणि त्याच्यावर तुटून पडते. ते थोपवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे रोजच्या रोज, वेळेवर घ्यावी लागतात.

सारा क्रम असा असतो. आधी मुलीच्या बीजकोशातून बीजे काढून, पतीच्या शुक्रजंतूंशी संयोग करून, टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ तयार करतात आणि गोठवून ठेवतात. बसवलेल्या गर्भाशयाला बीजनलिका जोडलेल्या नसतात, म्हणून नैसर्गिक रीतीने गर्भ राहत नाही. मग दात्या स्त्रीचे गर्भाशय रक्तवाहिन्यांसकट काढायचे आणि घेणारीच्या रक्तवाहिन्यांशी जोडायचे. स्वीडनमध्ये पहिल्या वेळी नुसते काढण्यालाच दहा ते तेरा तास लागले. पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ते बरेच सोपे झाले, आणि पुण्याच्या पथकानेही दुर्बिणीचाच मार्ग घेतला.

सारे जुळले तर एक-दोन महिन्यांत मुलीला आयुष्यातली पहिली पाळी येते. त्यानंतर काही महिने वाट पाहून गोठवलेला गर्भ आत सोडतात. शरीर गर्भाशयाला नाकारत तर नाही ना, हे पाहायला अधूनमधून गर्भाशयमुखाचा लहानसा तुकडा काढून तपासतात. बाळंतपण शस्त्रक्रियेनेच होते, आणि पुष्कळदा दिवस पूर्ण भरण्याआधी. एक किंवा दोन मुले झाली की ते गर्भाशय काढून टाकतात आणि औषधे बंद करतात. मूत्रपिंड बसवतात ते जन्मभरासाठी, गर्भाशय मात्र कामापुरते.

आता धोके. ही औषधे रोगजंतूंना वाट मोकळी करून देतात आणि त्यांतली काही मूत्रपिंडावर ताण आणतात. वर सांगितलेच की अशा मुलींपैकी काहींना मूत्रपिंड मुळात एकच असते. गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचे भय असते. अमेरिकेत डॅलस येथील रुग्णालयाने वीस स्त्रियांचा हिशेब २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. चौदा जणींचे गर्भाशय टिकले आणि त्या चौदाही जणी आई झाल्या. सहा जणींचे टिकले नाही. जिवंतपणी गर्भाशय देणाऱ्या अठरा जणींपैकी चौघींना गंभीर त्रास झाला. हे आकडे जगातल्या उत्तम रुग्णालयातले आहेत, हे विसरू नये.

खर्चाचे म्हणाल तर तो एका रकमेत भागत नाही. टेस्ट ट्यूबचा, दोन माणसांच्या शस्त्रक्रियेचा, वर्षानुवर्षांच्या औषधांचा, तपासण्यांचा, बाळंतपणाचा आणि शेवटी गर्भाशय काढण्याचा असा लाखांच्या घरातला खर्च. त्यापायी जमीन गहाण टाकायची वेळ येत असेल, तर घरातल्या सगळ्यांनी बसून आधीच बोलावे.

हवे म्हणणाऱ्या

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या साऱ्यातून जाण्याची तयारी कोणाची असते, आणि का? युरोप-अमेरिकेत गर्भाशयाविना जन्मलेल्या स्त्रियांना विचारून अभ्यास झाले आहेत. त्यांतून दिसते की पुष्कळ जणींना हा मार्ग असावा असे वाटते. पण प्रत्येकीचे कारण एक नाही.

काहींना स्वतःचे, स्वतःच्या बीजाचे मूल हवे असते. काहींना मुलाइतकेच गरोदरपण हवे असते. पोटात बाळ फिरते म्हणजे काय, हे स्वतः अनुभवायचे असते. काही म्हणतात, माझ्या मुलासाठी दुसऱ्या बाईने नऊ महिने भार का वाहावा? धोका असेल तर तो मी माझ्या अंगावर घेईन.

आणि देशोदेशीचे कायदेही यात येतात. स्वीडनमध्ये सरकारी दवाखान्यांतून दुसरीच्या पोटी मूल वाढवण्याची सोय नाही; तुर्कस्तान, जर्मनी, फ्रान्समध्ये तर त्याला बंदी आहे. तिथल्या स्त्रीला स्वतःच्या बीजाचे मूल हवे तर वाटा थोड्याच उरतात. तेव्हा 'अमुक देशातल्या बायांना गर्भाशय हवे आहे' असे वाचाल, तेव्हा त्यांच्यापुढे दुसरी कुठली वाट उघडी होती, हेही पाहा. विहिरीला पाणी नसले की माणूस बोअर पाडायला निघतो. त्यावरून त्याला बोअरची हौस होती असे ठरत नाही.

नको म्हणणाऱ्या

तितक्याच ठामपणे नको म्हणणाऱ्याही आहेत. त्यांचे म्हणणे आपण कमी ऐकतो, म्हणून नीट ऐकावे.

एक म्हणते, मी आजारी नाही. मला दुखत नाही, खुपत नाही. धडधाकट शरीरावर तीन-तीन मोठ्या शस्त्रक्रिया कशाला? दुसरी म्हणते, मला कळले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. ते दोन-तीन वर्षांचे दुःख मी कसेबसे पार केले. आता गर्भाशय बसवले आणि ते काढावे लागले तर तेच दुःख पुन्हा सोसायचे का? तिसरीला आईची काळजी वाटते. माझ्यासाठी आई शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणार आणि तिला काही झाले तर मी स्वतःला काय सांगू? चौथी दत्तक घेऊन सुखी आहे. पाचवीला मूलच नको आहे, आणि तसे वाटण्याचा तिलाही इतरांइतकाच हक्क आहे.

काही जणी मधल्या. आज हो वाटते, उद्या नको. वय वाढते तसे मन बदलते. जोडीदार भेटला की बदलते. मैत्रिणीला मूल झाले की पुन्हा बदलते. म्हणून चांगल्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेआधी मनाची तपासणी आणि समुपदेशन करतात, आणि पतीशीही वेगळे बोलतात. बाई हे कशासाठी मागते आहे, मुलासाठी की 'मी पुरी बाई आहे' हे जगाला दाखवण्यासाठी, हे तिलाच उमगावे म्हणून. कारण मूल होणे न होणे कुणाच्या हातात नाही. पुरी बाई ती आधीपासूनच आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक धार आहे. सासू म्हणते म्हणून, नवरा दुसरे लग्न करीन म्हणतो म्हणून, भावकीत नाव जाते म्हणून एखादी लेक मान हलवते. ही संमती नव्हे. सावकाराच्या कागदावर अंगठा घेताना काय होते ते आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिले आहे. भीतीपोटी दिलेला अंगठा आणि भीतीपोटी दिलेला होकार, दोन्ही सारखेच.

देणारी आई

आईचे मन कुणी मोजावे? ज्या पिशवीत लेक वाढली त्याच पिशवीत लेकीचे लेकरू वाढावे, यासारखे दुसरे दान नाही. अनेक देशांत आयांनी ते आनंदाने केले. पण त्यातही दोन गोष्टी पाहाव्या.

पहिली, 'मला आता ती काय करायचीय' हे वाक्य. या वाक्याने आपल्याकडे फार नुकसान केले आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, अंगावरून जाते, कॅन्सर होईल अशी भीती घातली, अशा कारणांनी. मुले झाली की पिशवी म्हणजे रिकामे पोते, ही समजूत चुकीची. आणि दान करण्यासाठी पिशवी काढणे हे नेहमीच्या शस्त्रक्रियेहून कितीतरी अवघड. रक्तवाहिन्या जपून सोडवाव्या लागतात आणि मूत्रवाहिनी अगदी जवळून जाते, तिला इजा होण्याचा धोका असतो.

दुसरी, अपराधाची टोचणी. 'माझ्या पोटात असतानाच हिचे असे झाले' म्हणून भरपाईदाखल देऊ निघालेली आई आणि आईचे मन मोडू नये म्हणून घेणारी लेक, असे दोघींचे होऊ शकते. दोघींनाही मनातून नको, आणि दोघीही हो म्हणतात! म्हणून दोघींशी वेगवेगळे बोलले पाहिजे.

कायद्याने, म्हणजे १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने, अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. कुणी दलाल 'पैसे द्या, पिशवी मिळवून देतो' म्हणाला तर त्याला दारातच थांबवा.

दुसऱ्या वाटा

दुसरी वाट दत्तकाची. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे नाव नोंदवावे लागते. पतिपत्नी मिळून दत्तक घ्यायचे तर साधारणपणे लग्नाला दोन वर्षे झालेली असावी लागतात. एकटी स्त्रीही दत्तक घेऊ शकते. वाट पाहावी लागते, पण दवाखान्यातून नाही, कागदपत्रांतून जावे लागते.

तिसरी वाट सरोगसीची, म्हणजे आपल्या बीजाचे मूल दुसरीच्या पोटी वाढवण्याची. २०२१ च्या कायद्याने पैसे घेऊन असे करण्यास बंदी आहे. पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ वर्षांचा हवा. मूल वाढवणारी स्त्री २५ ते ३५ वयाची, स्वतःचे मूल असलेली हवी, आणि तिला हे आयुष्यात एकदाच करता येते. गर्भाशय नसणे हे कारण नियमांत स्पष्ट दिले आहे. २०२३ साली याच दोषाच्या एका स्त्रीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तिची बीजेही उपयोगी नव्हती आणि नियम दात्याचे बीज वापरू देत नव्हता. न्यायालयाने तिला परवानगी दिली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलून, वैद्यकीय कारण असेल तर दोघांपैकी एकाचे बीज दात्याचे चालेल असे केले. एका बाईने मागे न हटता विचारले, म्हणून पुढच्या कितीकांची वाट मोकळी झाली.

आणि चौथी वाट, मुलाविना संसार किंवा संसाराविना जीवन. शिक्षण, नोकरी, शेती, भाचरंडे. ही वाट काही उणेपणाची नव्हे.

आईबापांनी काय करावे?

मुलगी पंधरा वर्षांची झाली आणि पाळी आली नाही, किंवा तेरा वर्षे झाली तरी छातीची वाढच सुरू नाही, तर वाट पाहत बसू नका. आशाताईंना किंवा आरोग्यसेविकेला सांगा, ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. सोनोग्राफी आणि लागली तर एमआरआय करावी. मूत्रपिंडाचीही तपासणी त्याच वेळी उरकावी.

निदान झाले की पहिल्यांदा मुलीला सांगा. तिच्या शरीराची गोष्ट तिला शेवटी कळावी, हा उलटा न्याय आहे. प्रेमाने, साध्या शब्दांत आणि एकदाच नव्हे, जसे जसे ती विचारील तसे सांगा. चुलत्या-मामांना सांगायचे की नाही, हे तिला विचारून ठरवा.

लग्नाची घाई करू नका आणि लग्न जमवताना लपवूही नका. लपवलेली गोष्ट चार महिन्यांत उघडी पडते, आणि मग माहेर-सासर दोन्हीकडची दारे त्या पोरीलाच बंद होतात. मोकळेपणी सांगितल्यावर पुढे येणारा मुलगा मिळायला वेळ लागेल. पण जो येईल तो टिकेल.

गर्भाशय प्रत्यारोपणाचा विचार मनात आला तर घाईने निर्णय घेऊ नका. डॉक्टरांना हे विचारा: तुमच्याकडे आजवर किती जणींना बसवले, किती टिकले, किती बाळे झाली, देणारीला काय त्रास झाला, परवाना आहे का, एकूण खर्च किती आणि औषधे किती वर्षे? जे डॉक्टर या प्रश्नांना सरळ उत्तरे देतील तेच खरे. आणि मुलीला एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या. तिला जे हवे ते तिथे तिला निर्भयपणे म्हणता आले पाहिजे.

बंधू-भगिनींनो, नवे बियाणे बाजारात आले की आपण विचारतो, आपल्या जमिनीला ते मानवेल का, पाणी किती, खर्च किती, आणि घ्यायचे की नाही हे शेवटी ज्याचे शेत तो ठरवतो. शेजाऱ्याने घेतले म्हणून आपण घेत नाही. लेकीच्या शरीराबद्दल निदान एवढा विवेक तरी ठेवावा. विज्ञानाने एक नवी वाट काढली, हे फार चांगले झाले. त्या वाटेने जायचे, दुसऱ्या वाटेने जायचे की आहे तिथेच समाधानाने उभे राहायचे, हे जिचे शरीर तिने ठरवायचे आहे. आपण फक्त तिच्या पाठीशी उभे राहायचे, आणि ती 'नको' म्हणाली तरी तितकेच घट्ट उभे राहायचे.